सोलवटलेल्या तोंडाचा पितर

नवी कवळी बसवून घेतली त्या दिवशी मी बायकोला ऐटीत सांगितलं होतं, की आता फुटाणे फोडून दाखवतो. पाचव्या दिवशी माझी अशी गत झाली की पाणीसुद्धा बोचायला लागलं. वरची उजवी हिरडी सोलून निघाली होती, गालाच्या आत दोन पांढरे फोड आणि जिभेच्या कडेला एक चीर. आरशासमोर आ करून उभा राहिलो, तर आतला देखावा बघून मीच घाबरलो.

दातांची डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कवळी घासून दिली आणि म्हणाली, "काका, दहा-बारा दिवस ही लावूच नका. मऊ खा, कोमट खा. तिखट, आंबट, खारट, कडक, गरम, सगळं बंद."

"मग उरलं काय?" मी विचारलं.

"बरंच उरतं हो काका," ती हसून म्हणाली. ती बाई इकडची नाही, तिला कोण काय सांगणार! आमच्या नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा शिंकतो. आमच्याकडे वरणाला फोडणी देताना मिरच्या मोजत नाहीत, मूठ भरतात. साठ-बासष्ट वर्षं माझ्या जिभेनं तिखट सोडून दुसरी नोकरी केलेली नाही.

तरी मी बारा दिवस कुरकुरत काढले असते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून कुरकुरणं हाच माझा मुख्य उद्योग आहे, असं बायको म्हणतेच. पण त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला आणि साधं तोंडाचं दुखणं एकदम गंभीर होऊन बसलं.

वहिनी म्हणजे माझ्या बालमित्राची बायको. तो आमच्याच भावकीतला. सारंगखेड्याच्या अलीकडे तापीकाठी त्याची केळीची बाग. तो गेला त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आता आमच्या खानदेशात असं आहे, की भाद्रपदातल्या पितरपाट्यात, म्हणजे पितृपंधरवड्यात, गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवतात. त्या दिवसापुरता तोच पितर. त्याचे पाय धुतात, त्याला टिळा लावतात, गेलेल्याला आवडायचं ते सगळं त्याच्या ताटात वाढतात. तो पोटभर जेवला की गेलेला जेवला. त्यानं ताटात टाकलं की गेलेला उपाशी राहिला.

"भाऊजी," वहिनी फोनवर म्हणाली, "पंचमीले तिथी शे. पितर म्हणीसन तुम्हीच बठा. दुसरं कोनीच नको."

"येतो ना वहिनी," मी म्हणालो. म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मी जेवता जेवता बोलतोय.

मग ती एकदम म्हणाली, "पाटोडी करनार शे. तुम्हले म्हाईत शे ना?"

मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि त्यांचा काळ्या मसाल्याचा जळजळीत रस्सा. तो मित्र म्हणजे पाटोडीचा वेडा होता. रस्सा खाताना मानेवरून घाम ओघळला नाही तर तो भांडं परत स्वयंपाकघरात पाठवायचा. अशा माणसाला नेमका जबड्याचा आजार झाला. सुरतेला जाऊन किरणांचे शेक घेतले, आणि त्या शेकांनी तोंडाची आतून पार लाही झाली. सात महिने वहिनीनं त्याला पेज, दूधभात आणि गाळलेलं वरण, एवढ्यावर जपलं. घरातला मिरचीचा डबा उचलून शेजाऱ्यांकडे ठेवून दिला. जायच्या चार दिवस आधी त्यानं तिच्याकडे पाटोडीची एक वाटी मागितली. तिनं दिली नाही. डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं.

तेराव्याला बायका कुजबुजल्या, द्यायची होती एक वाटी, जाणारच होता बिचारा. ते तिच्या कानावर गेलं आणि तिथंच रुतून बसलं.

"त्यासनी एक वाटी मांगी, मी नही दिन्ही," ती फोनवर म्हणाली. "आते तुम्ही पोटभर खा, म्हंजे मन्हा जीव थंड व्हई."

मी म्हणालो, "तीन वाट्या खातो वहिनी, निश्चिंत राहा." फोन ठेवून वळलो तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

"आते काय करशात?" तिनं विचारलं.

"अकरा दिवस आहेत," मी म्हणालो. "अकरा दिवसांत तोंड बरं करायचं."

"तिले खरं सांगी द्या ना."

"आणि काय सांगू? तुझ्या नवऱ्याचं तोंड जळत होतं म्हणून तू वाटी दिली नाहीस, आणि आता पितराचंही तोंड जळतंय?"

बायकोचे कमरेवरचे हात खाली आले. मला तेवढ्या दुखण्यातही जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मऊ अन्नाची शोधमोहीम सुरू झाली. सुरुवात मुगाच्या पातळ खिचडीनं. बायकोनं ती अशी शिजवली की तांदूळ कुठला आणि डाळ कुठली ते तिलाही सांगता आलं नसतं. मी कौतुकानं पहिला चमचा तोंडात घातला आणि पाटावरून ताडकन उठून अंगणात गेलो, तिथून परत आत आलो, परत अंगणात गेलो. फोडणीत मिरची होती.

"माले ध्यानच नही ऱ्हायनं," बायको तोंडावर हात ठेवून म्हणाली. "हाथले सवय पडी गई शे." आणि मग तिला हसू आवरेना. मी अंगणात जीभ बाहेर काढून उभा, आणि ही आत हसून हसून लोळते आहे. चाळीस वर्षांचा संसार!

दादरची भाकरी दुधात कुस्करून खावी, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं. दादर म्हणजे आमची ज्वारी, तिची भाकरी नुसती खाल्ली तरी लोण्यासारखी, असा आमचा अभिमान. पण तिचा वरचा पापुद्रा दुधात तासभर भिजला तरी आपला कडकपणा सोडत नाही, हे मला सोललेल्या हिरडीनं शिकवलं. मी वाटी पुढ्यात घेऊन, चमच्यानं एकेक तुकडा दाबून बघत बसायचो. बायको म्हणायची, अहो, ती भाकरी आहे, परीक्षेचा पेपर नाही.

केळ्यावर माझी फार भिस्त होती. पण केळं तोंडात एकदा बसलं की उठायला तयार नाही. हिरडीला चिकटतं, फोडाला चिकटतं, आणि ते सोडवायला जावं तर जीभच दुखरी. दह्यानं पहिल्या क्षणाला असा गारवा दिला की डोळे मिटले, आणि दुसऱ्या क्षणाला आंबटपणानं ते उघडले. शिरा चांगला, पण निवेपर्यंत माझा धीर निघेना, आणि निवल्यावर त्याची ढेप होऊन जाई.

पपईची तर गोष्टच वेगळी. शहाद्याकडे जाल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पपईच पपई. तरी आमच्या घरांत धड पिकलेली पपई मिळेल तर शपथ! फळावर पिवळी रेघ दिसली रे दिसली की ते तोडून, कागदात गुंडाळून गाडीत भरून उत्तरेकडे रवाना. आम्हाला उरतं ते वाकडंतिकडं आणि हिरवट. मी हौसेनं एक फोड सालीपर्यंत खरवडून खाल्ली, आणि सालीजवळच्या चिकानं मला असा चावा घेतला की त्या रात्री दूधही गेलं नाही.

सल्ला देणाऱ्यांची तर रीघ लागली. कोणी शंखजिरं लोण्यात कालवून लावा म्हणालं, कोणी पेरूचा कोवळा पाला चघळायला सांगितला. पाला चघळायला दात लागतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही. एका सद्गृहस्थानं तर सांगितलं, की हिरवी मिरची चावून तशीच धरून ठेवा, एकदाची आग निघून जाईल. तो माणूस अजून मोकळा फिरतो आहे.

शेवटी मला तारलं ते गंगाफळानं. म्हणजे लाल भोपळा. आयुष्यभर ज्या भाजीकडे मी वळून बघितलं नाही, लग्नाच्या पंगतीत जी आली की मी पानावर आडवा हात धरायचो, तीच. बायकोनं ते वाफवलं, घोटलं, त्यात चिमूटभर गूळ आणि चमचाभर साय घातली, आणि कोमट झाल्यावर पुढ्यात ठेवलं. ते तोंडात गेलं आणि कुठंही काही न बोलता खाली उतरलं. मी वाटी चाटून पुसून खाल्ली. मग घट्ट साईचा भात आला, भगरीची पेज आली, उकडलेला बटाटा लोण्यात कालवून आला. मला अक्षरशः नवीन सासुरवाडी मिळाल्यासारखं झालं. बायकोला मी म्हणालो, की एवढं चांगलं तू चाळीस वर्षं कुठं लपवून ठेवलं होतंस? ती म्हणाली, "तुम्हीच त्याले बाळंतिणीनं खानं म्हनत व्हतात."

नवव्या दिवशी तिनं टॉर्च लावून माझं तोंड तपासलं. फोड सुकले होते. हिरडीवर नवी कातडी धरली होती.

"गुलाबी दिसी ऱ्हायनं," ती म्हणाली. आम्ही दोघंही इतके खूश झालो, की जणू नातवाला पहिला दात आला.

आणि इथं मी घाण केली. दोष दुसऱ्या कुणाचाच नाही, माझ्या अकलेचाच. दहाव्या दिवशी सकाळी मनात आलं, तोंड बरं झालं हे ठीक, पण जिभेची सवय गेली असेल तर? दहा दिवस भोपळा आणि साय खाल्लेली जीभ एकदम वहिनीच्या पाटोडीसमोर उभी केली तर ती पहिल्याच घासाला हात टेकेल. थोडा सराव हवा. हा विचार मला इतका शहाणपणाचा वाटला, की मी कवळी बसवली, भाजी आणायला जातो असं सांगून निघालो आणि बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात जाऊन अर्धी प्लेट शेवभाजी मागवली.

लाल तवंग बघूनच माझे डोळे भरून आले, आनंदानं. पहिला घास चांगला गेला. दुसरा त्याहून चांगला गेला. मग मला भान राहिलं नाही. अर्ध्या प्लेटची पूर्ण झाली, वर भाजलेला पापडही मी मागवला. पापडाचा तुकडा नव्या कातडीवर उभा रुतला आणि त्या वाटेनं सगळा रस्सा आत शिरला.

घरी आलो तेव्हा मला बोलता येत नव्हतं. बायकोनं टॉर्च लावून बघितलं, टॉर्च विझवला, जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी तिनं निमूटपणे गंगाफळाची वाटी आणून ठेवली, आणि ती वाटी बघून मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू.

पंचमीला आम्ही दोघं सकाळीच गावाला गेलो. वहिनीच्या मुलानं, तो आता बाग बघतो, माझे पाय धुतले, टिळा लावला, हातात सुपारी दिली. घरात दहा-बारा माणसं, सगळी जवळची. आगारी झाली, म्हणजे विस्तवावर घास टाकला, गच्चीवर कावळ्याला वडा ठेवला. कावळा ताबडतोब आला आणि वडा घेऊन गेला. त्याचं काय जातंय, त्याला कवळी थोडीच होती!

मग माझं ताट आलं. उडदाचे वडे, कुरडया, भात, खीर, आणि मधोमध वाटीत पाटोडी. पितराच्या स्वयंपाकात त्यांच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, पण मिरचीला कुणी बंदी घातलेली नाही. रश्श्याचा वास नाकात गेला तेव्हाच माझी हिरडी दुखायला लागली. वहिनी पळी हातात घेऊन समोर उभी राहिली. वर्षभरात ती खूप वाळली होती. तिचे डोळे माझ्या ताटावर होते, माझ्याकडे नव्हतेच.

मी पहिला घास घेतला. देवाशपथ सांगतो, कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून वहिनीचा मुलगा रडायला लागला. त्याला बघून कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. "किती जीव होता एकमेकांवर," कुणीतरी म्हणालं. सगळं घर डोळे पुसत होतं, आणि माझी बायको तेवढी पदर तोंडात कोंबून खाली बघत बसली होती. तिचे खांदे हलत होते. तिला रडू येत नव्हतं, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो.

पहिली वाटी संपली. मी खीर मधेच खाऊन आग विझवायला बघितली, तर खीर गरम. दुसरी वाटी वहिनीनं न विचारता वाढली. मी ती पण खाल्ली. कशी खाल्ली ते विचारू नका. घास उजवीकडून डावीकडे न्यायचा, गालात दाबून ठेवायचा, जरा थांबायचं, मग मान मागं करून गिळायचा. मनात एकच होतं, की ताटात काही राहता कामा नये. मित्र गेल्यावर मी त्याच्यासाठी काही करू शकलो नव्हतो. एवढं तरी करू दे, असं मी स्वतःलाच बजावत होतो.

तिसरी वाटी वाढली. मी अर्ध्यावर आलो होतो. तेवढ्यात वहिनीनं पळी खाली ठेवली आणि माझ्या ताटासमोर बसली.

"भाऊजी, आ करा," ती म्हणाली.

"काय?"

"आ करा."

मी मान हलवली. ती म्हणाली, "हे गालमा घास दाबीसन ठेवनं मी सात महिना देखेल शे. माले फसाडू नका. आ करा."

मी आ केला. दहा-बारा माणसांसमोर, टिळा लावलेला पितर, आ करून बसला. तिनं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत बघितलं. तिला टॉर्च लागला नाही. सात महिने रोज सकाळी हेच तर तिनं केलं होतं.

"माय वं," ती म्हणाली.

मग मला सगळं कबूल करावं लागलं. कवळी, फोड, अकरा दिवसांचा भोपळा, आणि शेवटी सरावाची शेवभाजी. शेवभाजी ऐकून आधी माझी बायको फुटली, मग म्हाताऱ्या, मग वहिनीसुद्धा. ती हसली. वर्षभरानंतर मी तिला हसताना बघत होतो. हसता हसताच ती थांबली आणि माझ्या ताटातल्या रश्श्याकडे बघत राहिली.

"खूप जळस का?" तिनं हळूच विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ती ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेसमोर खोटं निघेना.

"आग पडी ऱ्हायनी वहिनी," मी म्हणालो. "जीव जाई असं वाटस."

"आनी त्यासले तं यानी दसपट व्हतं," ती म्हणाली.

बाहेर मुलानं पंप चालू ठेवला होता, त्याचा तेवढा आवाज येत होता. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वर्षानुवर्षं ती मला भाऊजी म्हणते. या वेळी तिनं भाऊजी म्हटलं नाही. तिनं हात जोडले, आणि नवऱ्याला हाक मारायची तशी हाक मारून म्हणाली, "आवो, मी नही दिन्हं, ते बरं करं ना?"

दिली नाही ते बरं केलं ना, हे ती मला विचारत नव्हती, एवढं मला कळलं. पण त्या पाटावर मी बसलो होतो, आणि उत्तर माझ्याच तोंडातून जायचं होतं. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी ते तिखटानं नव्हतं.

"बरं करं," मी म्हणालो.

"परत सांगा."

"बरं करं. नही दिन्हं ते बरं करं."

ती बराच वेळ तशीच बसून राहिली आणि मोकळेपणानं रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. मग तिनं डोळे पुसले आणि माझ्यासमोरचं ताट स्वतःच्या हातानं उचललं. वाटीत अर्धी पाटोडी तशीच होती. ती तिनं बघितली, आणि पितराचं पोट भरलं का, हे तिनं विचारलंच नाही.